टेबल टॉप बेसिन गळतंय? आधी त्याच्या भोकात बोट घालून बघा

प्रश्न चिंचवडच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: ग्रॅनाइटवर टेबल टॉप बेसिन बसवून चार महिने झाले. रोजच्या हात-तोंड धुण्याला काही होत नाही, पण बेसिन भरून रुमाल-मोजे भिजवले आणि पाणी सोडलं की बुडाशी ग्रॅनाइटवर ओल दिसते. प्लंबर तीनदा येऊन कडेने सिलिकॉन मारून गेला, बॉटल ट्रॅपही (बेसिनखालची पाणी धरून ठेवणारी वाटी) बदलून झाला. आता वरची ओल थांबली, पण खालच्या कपाटात थेंब पडतात आणि प्लाय फुगायला लागलंय. दुसऱ्या बाथरूमचं काम काढायचंय, तिथे तरी हे नीट कसं व्हावं?

ताई, सव्वीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून तुमचं बेसिन न बघता सांगायचं धाडस करतो. तुमच्या बेसिनला आतल्या भिंतीवर, वरच्या बाजूला, ओव्हरफ्लोचं, म्हणजे जादा पाणी जायचं, भोक असणार. आणि वेस्ट कपलिंगचा, म्हणजे बेसिनच्या बुडातून पाणी खाली नेणाऱ्या आट्यांच्या नळकांड्याचा, चेकनट (त्याला खालून धरणारा नट) प्लंबरने दगडाच्या खालून आवळलेला असणार. हे दोन्ही असेल तर जगातलं सगळं सिलिकॉन आणलंत तरी ते बेसिन गळणार.

का, ते बघा. ओव्हरफ्लोचं बेसिन दोन थरांचं असतं. वरच्या भोकात गेलेलं पाणी दोन थरांमधल्या पोकळीतून खाली येतं आणि बुडाच्या मोठ्या भोकाच्या कडेला बाहेर पडतं. बेसिन बसवायच्या आधी मोठ्या भोकात बोट घालून कडेने फिरवा, एका ठिकाणी बोट आत जातं. तीच ती वाट. या वाटेचं पाणी कपलिंगमध्ये शिरावं म्हणून कपलिंगच्या अंगाला खाचा ठेवलेल्या असतात. दुकानात त्याला हाफ थ्रेड म्हणतात. ज्याला खाचा नसतात आणि वरपासून खालपर्यंत आटे असतात ते फुल थ्रेड.

आता खाच ही काही एकेरी वाट नव्हे. तुम्ही भरलेलं बेसिन एकदम सोडता तेव्हा कपलिंग गच्च भरून वाहतं आणि त्याच खाचांतून पाणी उलटं बाहेर, म्हणजे कपलिंग आणि चिनीमाती यांच्या मधल्या फटीत येतं. हे व्हायचंच, त्यात चूक काही नाही. फक्त त्या फटीचं बूड बंद पाहिजे. म्हणजे जाड रबरी वायसर थेट बेसिनच्या बुडाला चिकटून बसला पाहिजे. तुमच्याकडे तो वायसर दगडाच्या खाली आहे. बेसिनचं बूड आणि दगड यांच्यामध्ये अडवायला काहीच नाही. पाणी आधी तिथून आडवं पसरून वर दिसत होतं. सिलिकॉनने ती वाट बुजवली, तेव्हा ते दगडातल्या भोकातून आट्यांवरून खाली उतरलं. आणि नुसता नळ सोडून बघितला की थेंब पडत नाही, कारण कपलिंग भरतच नाही. प्लंबरला ‘मी बघितलं तेव्हा कोरडं होतं’ असं वाटलं असेल तर तो खोटं बोलत नव्हता.

म्हणून नव्या बाथरूमला पहिला प्रश्न रंगाचा किंवा आकाराचा नाही. बेसिनला ओव्हरफ्लो आहे की नाही, हा आहे. कपलिंग कोणतं घ्यायचं, दगडाला भोक केवढं पाडायचं आणि पाणी नेमकं कुठे अडवायचं, हे तिन्ही त्यावर ठरतं.

ओव्हरफ्लो असेल तर हाफ थ्रेड कपलिंग, आणि दगडाला मोठं भोक, साधारण 4 इंची. चेकनट आणि हात त्या भोकातून वर गेला पाहिजे, कारण नट थेट चिनीमातीच्या बुडाखाली आवळायचा आहे. बेसिनची बैठक त्या भोकापेक्षा सगळीकडून निदान इंचभर तरी मोठी हवी, ते आधी मोजा. या पद्धतीत बेसिनवर कपलिंग आधी बसवायचं, जमलं तर बेसिन उलटं करून मांडीवर घेऊन, आणि मग सगळा संच ओट्यावर ठेवायचा. हे काम इतकं सोपं होतं की लोक असं का करत नाहीत याचं मला नवल वाटतं. कपाटात आडवं पडून डोळ्यात कचरा घेत नट शोधायला नको.

ओव्हरफ्लो नसेल, आणि हल्लीची पातळ कडांची बरीच टेबल टॉप बेसिनं अशीच येतात, तर फुल थ्रेड. इथे दगडाला 2 इंची भोक पुरतं, नट दगडाखालून आवळला तरी चालतं. पाणी अडवायची जागा वरची, कपलिंगच्या टोपीखालची. तिथून एकदा पाणी आत उतरलं नाही की पुढे काही नाही.

उलटसुलट केलं तर काय होतं? ओव्हरफ्लो नसलेल्या बेसिनला हाफ थ्रेड लावलं, तर चिनीमाती एकाच थराची असल्याने खाचा तिच्या खाली येतात आणि पाणी सरळ बाहेर. हे पहिल्याच दिवशी कळतं. ओव्हरफ्लोच्या बेसिनला फुल थ्रेड लावलं, तर वरच्या भोकात गेलेल्या पाण्याला जायला जागा नाही. ते पोकळीत साचतं, कुजतं आणि महिन्याभराने बेसिनला वास येतो. लोक मग ट्रॅपला दोष देतात.

कपलिंग विकत घेताना लांबी मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. नेहमीचं कपलिंग 3 इंची, म्हणजे 75 मिलिमीटरच्या आसपास. फुल थ्रेडचा हिशोब करू: चिनीमाती समजा 20, ग्रॅनाइट 18, रबर 5, नट 10. झाले 53. खाली ट्रॅपचा नट चढायला निदान 12 ते 15 मिलिमीटर आटे मोकळे पाहिजेत. 68 झाले, जेमतेम बसतं. पण सुताराने ग्रॅनाइटखाली 18 मिलिमीटरचं प्लाय टाकलं असेल तर गणित 86 वर जातं आणि कपलिंग तोकडं पडतं. मग प्लंबर रबर काढून टाकतो किंवा ट्रॅप दोन आट्यांवर लटकवतो, आणि गळतीची सोय होते. 5 इंची कपलिंग मिळतं, ते आणा. पितळी घ्या. हातात घेतल्यावर वजन लागतं, आटे नखाला धारदार लागतात. पत्र्याच्या कपलिंगचे आटे नट दोनदा काढला-लावला की जातात.

पॉप-अप, म्हणजे बोटाने दाबून उघडबंद होणारं कपलिंग दिसायला छान असतं. ओव्हरफ्लो असलेल्या बेसिनला खुशाल घाला. नसलेल्याला मी घालत नाही, आणि कारण अगदी आपल्याकडचं आहे. नळाला पाणी नसताना कोणीतरी नळ उघडून बघतं, तसाच सोडून देतं. झाकण दाबलेलं असतं. दुपारी टाकीत पाणी येतं आणि घरात कोणी नसतं. संध्याकाळी हॉलमधली गादी भिजलेली आणि खालच्या मजल्यावरचे दारात उभे. मी असे दोन फ्लॅट बघितलेत. शिवाय ओव्हरफ्लो नसलेल्या बेसिनमध्ये झाकणाखाली अडकलेल्या हवेला वर यायला वाट नसते, पाणी गुळगुळ करत रेंगाळतं. तिथे कायम उघडं राहणारं जाळीचं कपलिंग बरं. पॉप-अपच हवं असेल तर झाकणाचा स्क्रू फिरवून ते जरा उंच उचलून ठेवा, फरक पडतो.

आता ओटा. यातली चूक दगडात कोरली जाते, म्हणून इथे घाई नको. गवंड्याला उंची सांगताना लोक स्वयंपाकघराच्या ओट्याची सवय धरतात आणि ग्रॅनाइट 33-34 इंचावर टाकून घेतात. त्यावर 5-6 इंच उंच बेसिन आलं की लहान मुलांना स्टूल आणि आजींना कोपरापर्यंत पाण्याचे ओघळ. हिशोब बेसिनच्या काठापासून खाली करायचा: काठ फरशीपासून 32-33 इंच, म्हणजे बेसिन 5 इंची असेल तर ग्रॅनाइटचा माथा 27-28 इंचावर. ओटा खाली आला की भिंतीतलं सांडपाण्याचं तोंडही खाली हवं. ट्रॅपला उभी जागा लागते, आणि तोंड वर राहिलं तर पाण्याने चढायचं का? म्हणून बेसिन आणि ट्रॅप टाइल्स लागायच्या आधी घरात आणून ठेवा. कॅटलॉगवरच्या मापावर भोक पाडू नका. चिनीमाती भट्टीतून निघते, पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे होतं.

बेसिन ओट्यावर ठेवून आधी हलवून बघा. भट्टीत बूड किंचित वाकलेलं असतं, दगडावर डुगडुगतं. एक-दोन मिलिमीटरची फट सिलिकॉन भरून काढतं. त्याहून जास्त असेल तर बेसिन बदलून आणा. डुगडुगतं बेसिन नट आवळून ‘बसवायला’ गेलात तर ते बसत नाही, तडकतं. कधीकधी लगेच नाही, दोन दिवसांनी रात्री टक् आवाज येतो.

नळ ओट्यावर असेल तर त्याचं भोक आणि बेसिन यांचं भांडण आधी कागदावर मिटवा. 20 इंच खोलीचा ओटा, 16 इंची बेसिन, समोर एक इंच सोडला तर मागे उरले 3 इंच. नळाचं भोक 35 मिलिमीटरचं, मध्य भिंतीपासून दीड-दोन इंचावर. वरून सगळं बसतं. पण काही सिंगल लिव्हर नळांची दांडी मागे झुकते, ती टाइलला आपटते आणि गरम पाणी पूर्ण उघडतच नाही. खाली बघावं तर भोकाच्या नेमकं शेजारी ग्रॅनाइटला आधार दिलेला लोखंडी अँगल, नट फिरवायला पाना जात नाही. हे दोन्ही कागदावर दिसत नाही, नळ हातात धरून बघितल्यावर दिसतं. पाण्याची धार कपलिंगच्या बरोबर मध्यावर पडू नये, जरा पुढे पडावी. झाकणावर पडली तर शर्टावर उडते.

एक गोष्ट टॉवरच्या शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी. टाकी डोक्यावरच 3 मीटरवर असेल तर दाब 0.3 बार इतकाच मिळतो, कारण 10 मीटर उंचीला साधारण 1 बार. उंच मानेच्या बऱ्याच मिक्सरना याहून जास्त दाब लागतो. नळ चांगला, प्लंबर चांगला आणि धार मात्र करंगळीएवढी. खोक्यावर लिहिलेला किमान दाब वाचूनच घ्या.

भोक पाडताना डायमंडचा कोअर कटर, ड्रिलचा हॅमर बंद, आणि वर सतत पाणी. दगडाच्या कडेपासून निदान 2 इंच आत. तळ गाठत आला की जोर कमी करा, नाहीतर खालून मोठी खपली उडते. खाली एक माणूस लाकडाचा तुकडा दाबून उभा राहिला तर उत्तम.

नळ लावण्याआधी अँगल कॉक (बेसिनखाली भिंतीतला पाणी बंद करायचा छोटा कॉक) उघडून बादलीभर पाणी वाहू द्या. नव्या पाइपांतून वाळू, सॉल्व्हंटचे गोळे, कधी टेपचे तुकडे येतात. नाहीतर ते थेट नळाच्या तोंडाच्या जाळीत जातात. टेपचंही सांगून ठेवतो, कारण इथे प्लंबर लोक उदार असतात: पाणी आट्यांनी अडवायचं असेल तिथेच टेफ्लॉन टेप, म्हणजे भिंतीतल्या एल्बोत जाणाऱ्या अँगल कॉकला. बारा-पंधरा वेढे, नट फिरतो त्याच दिशेने. जिथे रबरी वायसर पाणी अडवतो, म्हणजे कनेक्शन पाइपला आणि ट्रॅपच्या नटांना, तिथे टेप लावला तर वायसर नीट दबत नाही. आवळायला जड लागतं म्हणून घट्ट झालं असं वाटतं, आणि ते झालेलं नसतं.

आता कपलिंग. टोपीखाली पातळ गॅस्केट येतं. माझा त्यावर विश्वास अर्धाच. भोकाची चिनीमाती आधी कोरड्या फडक्याने, मग स्पिरिटने पुसायची. टोपीखाली सिलिकॉनची एक सलग वळी फिरवायची, कपलिंग सरळ दाबायचं. खालून निमुळता रबर, निमुळती बाजू वर, मग प्लास्टिकचा किंवा फायबरचा वायसर, मग नट. प्लास्टिकचा वायसर विसरला तर नट फिरताना रबराला पीळ बसतो आणि तो एका बाजूने बाहेर येतो. हाफ थ्रेड असेल तर रबर जिथे बसणार त्या आट्यांत थोडं सिलिकॉन चोळा. आटे म्हणजे गोल जिना आहे, पाणी त्यावरून सावकाश खाली उतरतं आणि रबर कितीही दाबला तरी खोबणीच्या तळाशी पोचत नाही. ही एक खोबण भरल्याने माझे परत येण्याचे फेरे निम्म्यावर आले.

खाच ओव्हरफ्लोच्या वाटेसमोर येईल असं कपलिंग फिरवून ठेवा. मग वरून जाळीत पक्कडीचे दोन दांडे अडकवून ते धरून ठेवायचं आणि खालून फक्त नट फिरवायचा. कपलिंगच फिरलं तर टोपीखालची वळी फाटते. हाताने होईल तितकं, त्यानंतर पान्याने पाव फेरा. त्यापुढे आवळायचा मोह होतो, तो आवरा.

बेसिनखाली पांढरं सिमेंट घालणारे अजून आहेत. आमचे उस्ताद सफेदा आणि सूत वापरायचे, ते बिडाच्या आणि लोखंडी पाइपांच्या काळाला ठीक होतं. पांढरं सिमेंट चिनीमातीला कडक धरतं. ग्रॅनाइट उन्हाळ्यात, गरम पाण्याने किंचित हलतो, बेसिन हलत नाही, आणि केसाएवढी चीर जाते. पुढे बेसिन काढायचं म्हटलं तर फोडूनच काढावं लागतं. सिलिकॉन घ्या, तेही न्यूट्रल. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन संगमरवरावर डाग पाडतं. बेसिनच्या बैठकीखाली वळी, बाहेरून मास्किंग टेप, बोट साबणाच्या पाण्यात बुडवून एकदाच फिरवायचं आणि टेप लगेच काढायची. 24 तास पाणी नाही. घरातल्यांना हे पटत नाही, म्हणून मी जाताना अँगल कॉक बंद करून जातो.

ट्रॅपबद्दल थोडक्यात. बॉटल ट्रॅपमधलं दोन इंच पाणी हे गटाराच्या वासाचं आणि झुरळांचं दार आहे. सापासारखा वाकणारा पाइप जाळीत नुसता खुपसला तर ते दार नसतं. पण तो पाइप आधीच न्हाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या ट्रॅपमध्ये, जात असेल तर वर आणखी बॉटल ट्रॅप लावल्याने पाणी अडून अडून जातं, कारण दोन ट्रॅपमधली हवा कोंडते. तिथे एकच पुरे. बेसिन थेट बाहेरच्या सांडपाण्याच्या पाइपला जोडलेलं असेल तर मात्र ट्रॅप हवाच. भिंतीतला पाइप 40 मिलिमीटरचा आणि ट्रॅपची नळी 32 ची, मधली फट रबरी कॉलरने बंद करा, सिमेंटने नाही. आडव्या नळीला 40 ला 1 असा उतार पुरतो. वर्षातून दोनदा खाली बादली धरून ट्रॅपची वाटी उघडायची, आत केस, साबण आणि बोअरच्या पाण्याचा क्षार. ड्रेन क्लीनर आणि संडासचं अ‍ॅसिड ओतू नका, कपलिंगचं क्रोम जातं. मला अशा वाट्यांत एकदा सोन्याची चमकी मिळाली होती. त्या घरातल्या सुनेने सहा महिन्यांपूर्वी मोलकरणीला कामावरून काढलं होतं.

चाचणी अशी: कपाट पूर्ण रिकामं, आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद. बेसिन ओव्हरफ्लोच्या वर पाणी जाईपर्यंत भरा, तसंच ठेवा दहा मिनिटं, मग एकदम सोडा. असं तीनदा. कागदावर एक थेंबही लपत नाही.

आता तुमचं जुनं बेसिन. ते फोडायची गरज नाही. ट्रॅप आणि चेकनट सोडवा, कडेचं सिलिकॉन पात्याने कापा. मग मासे पकडायचं तंगूस घ्या, दोन्ही टोकांना काड्या बांधा आणि दोघांनी बेसिनच्या बुडाखालून करवतीसारखं ओढत न्या. पंधरा-वीस मिनिटांत बेसिन मोकळं होतं. दगडाला आत्ता 2 इंची भोक असणार, ते 4 इंची करायचंय, आणि कोअर कटरला मध्यभागी टेकायला दगडच उरलेला नाही. म्हणून प्लायच्या तुकड्याला आधी 4 इंची भोक पाडा, तो तुकडा ग्रॅनाइटवर क्लॅम्पने आवळा आणि त्या भोकात कटर ठेवून कापा. तो घसरत नाही. भोवती मातीचा बांध घाला, पाणी बाथरूमभर होत नाही. कपाटावर मेणकापड टाका, दगडाचा चिखल प्लायमध्ये शिरला तर उरलंसुरलं तेही जाईल. कपलिंग मात्र नवीन आणा, जुन्याच्या आट्यांतलं सिलिकॉन पूर्ण निघत नाही. फुगलेलं प्लाय लगेच बदलू नका. आठवडाभर दारं उघडी ठेवून वाळू द्या आणि कागद तसाच राहू द्या. कागद आठ दिवस कोरडा राहिला की मग सुताराला फोन करा.